शांतिसेनेतल्या माणसाविरुद्ध तक्रार आली, तर ती नोंदवायची कुणी?

खाकी_सातारा

मंडळी, नमस्कार. मी महाराष्ट्र पोलिसांत पीएसआय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत पोलीस अधिकारी म्हणून जायचं तर इंग्रजी, ड्रायव्हिंग, पिस्तूल अशा परीक्षा असतात. त्या पास झाले. ऑर्डर अजून यायची आहे. बहुतेक दक्षिण सुदान, जुबा.

जाण्यापूर्वी लैंगिक शोषण आणि अत्याचार या विषयावरचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा असतो, तोही केला. नियम पाठ आहेत. अठरा वर्षांखालच्या कुणाशीही संबंध म्हणजे अत्याचार. वय माहीत नव्हतं, ही सबब चालणार नाही. पैसे, धान्य, नोकरी, कसलीही मदत देऊन संबंध ठेवायला बंदी. वेश्याव्यवसाय त्या देशात कायदेशीर असला तरी आपल्याला मनाई. महासचिवांच्या २००३ सालच्या परिपत्रकात हे सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आमच्या ठाण्यात एखादी मुलगी रडत आली तर काय करायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. हद्द कुणाची का असेना, झिरो एफआयआर. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. चोवीस तासांच्या आत मेडिकल. कपडे सील. मुलगी लहान असेल तर पॉक्सो, आणि जबाब घेताना अंगावर वर्दी नको. तिथे यातलं काय असतं? समजा एखादी बाई माझ्याकडे आली आणि म्हणाली की तुमच्या निळ्या टोपीतल्या माणसाने माझ्यावर जबरदस्ती केली, तर मी लिहू कुठे? स्टेशन डायरी कुणाची? अटक कोण करणार? खटला कुठल्या कोर्टात? कोर्समध्ये ‘ताबडतोब कळवा’ एवढंच सांगतात. कळवल्यावर पुढे काय होतं?

हैतीमधलं श्रीलंकेच्या सैनिकांचं प्रकरण वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. २००४ ते २००७ या काळात किमान १३४ सैनिकांनी नऊ मुलांचं शोषण केलं, असं असोसिएटेड प्रेसने २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत अहवालाच्या आधारे छापलं होतं. उपाशी पोरांना बिस्किटं देऊन जवळ करायचे. ११४ जणांना मायदेशी पाठवलं आणि तुरुंगात एकही गेला नाही. पोलीस म्हणून मला हे पचतच नाही. आरोपी माहीत, तारखा माहीत, मुलं सापडलेली, आणि चार्जशीट नाही?

कुणी मिशनवर जाऊन आलं असेल, कुणाला यातला कायदा माहीत असेल, तर खरं काय ते सांगा. ‘तिथे जाऊन आपली ड्यूटी करावी, नसत्या भानगडीत पडू नये’ हा सल्ला ऑफिसातल्या वरिष्ठांकडून मिळालेला आहे, तो परत नको.

माजी_सुभेदार_खटाव

ताई, आधी अभिनंदन. मी काँगोत होतो, गोम्याला. कायद्यातलं मला सांगता येणार नाही, ते जाणकार सांगतील. कॅम्प कसा असतो ते सांगतो, म्हणजे हे कशातून घडतं ते ध्यानात येईल.

गोमा म्हणजे न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याचं गाव. पायाखाली काळा लाव्हा. लाकडाची मोठी स्कूटर असते तिथे, चुकुडू म्हणतात, तिच्यावर कोळशाची पोती लादून पोरं उतारावरून सुसाट येतात. गावाबाहेर विस्थापितांच्या छावण्या, पांढऱ्या-निळ्या ताडपत्र्यांच्या झोपड्या. आणि आपला कॅम्प: काटेरी तार, जनरेटर, गरम जेवण, बाटलीबंद पाणी. तारेच्या पलीकडे सकाळपासून बायका केळी, कोळसा घेऊन बसतात, पोरं बिस्किटांसाठी हात पुढे करतात. अलीकडच्या माणसाच्या खिशात एका दिवसाचे जे पैसे असतात, त्यात पलीकडचं घर महिनाभर चालेल. तिथल्या बाईच्या ‘हो’ला काय अर्थ राहतो, हे ज्याला स्वतःहून कळत नाही त्याला कुणीतरी दरडावून सांगावंच लागतं.

आमचे सीओ साहेब, म्हणजे तुकडीचे कमांडिंग ऑफिसर, सांगायचे. कॅम्पमध्ये बाहेरचं माणूस आणायचं नाही. गावातले कुठले बार, कुठल्या गल्ल्या बंद, याची यादी गेटवर लावलेली. एकट्याने बाहेर पडायचं नाही. तारेवरून खाऊ फेकायचाही नाही. तेव्हा आम्हाला तो नियम निष्ठुर वाटायचा. पण खाऊ फेकणारा रोज तिथेच येऊन उभा राहायला लागतो, मग पोरं त्याला नावाने ओळखायला लागतात, आणि पुढे काय होऊ शकतं ते साहेबांना ठाऊक होतं. जिथे सीओ कडक तिथे गडबड नाही. जिथे सीओ म्हणतो की पोरं दमलीत, जाऊ दे, तिथे सगळं होतं. मी जे पाहिलं त्यावरून सांगतो, बाकी काही म्हणा.

आणि लपवायचं काही कारण नाही, आपल्या लोकांवरही आरोप झालेत. २००८ च्या सुमारास काँगोतल्या उत्तर किवू प्रांतात असलेल्या आपल्या एका बटालियनबद्दल तक्रारी झाल्या. तिथल्या बायकांना झालेल्या मुलांची चेहरेपट्टी भारतीय दिसते असं पुढे आलं. २०११ मध्ये लष्कराने मेरठला कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवली. एका जवानाचा डीएनए जुळल्याचं तेव्हा पेपरात छापून आलं होतं. आमच्यासारख्यांची मान खाली गेली. त्याच वर्दीत आम्ही पोरांना दवाखान्यात पोचवलेलं होतं.

निवृत्त_मेजर_जॅग

खाकी_सातारा, तुमचा प्रश्न नेमका आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी लष्कराच्या जॅग शाखेत होते, म्हणजे कोर्ट मार्शलच्या कामात कायदा पाहणारी शाखा. आता पुण्यात वकिली करते.

निळी टोपी सगळ्यांची सारखी दिसते, पण कायद्यापुढे त्या टोपीखालची माणसं वेगवेगळी आहेत. सुभेदार साहेबांसारखे जे लष्करी तुकडीतून जातात, त्यांच्यावर गुन्ह्याचा खटला चालवण्याचा अधिकार फक्त त्यांच्या मायदेशाला असतो. १९९० साली संयुक्त राष्ट्रांनी यजमान देशाशी करायच्या कराराचा नमुना ठरवला, त्यातच हे आहे. काँगोचा पोलीस भारतीय जवानाला, हैतीचा न्यायाधीश श्रीलंकेच्या सैनिकाला हात लावू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांकडे तर ना कोर्ट, ना सरकारी वकील, ना तुरुंग. चौकशी करायची, माणूस परत पाठवायचा, पुन्हा कुठल्याही मिशनवर घ्यायचा नाही, त्याच्या नावे त्याच्या देशाला मिळणारी रक्कम रोखायची, इथे त्यांचा हात संपतो. श्रीलंकेच्या प्रकरणात चार्जशीट का नाही, याचं उत्तर यातच आहे. चार्जशीट कोलंबोने करायची होती. केली नाही, आणि जगात दुसऱ्या कुणालाही ती करता येत नव्हती.

तुम्ही स्वतंत्र पोलीस अधिकारी म्हणून जाणार, म्हणजे १९४६ च्या करारातल्या ‘मिशनवरील तज्ज्ञ’ या वर्गात याल. या वर्गाला संरक्षण आहे ते फक्त कामाच्या ओघात केलेल्या गोष्टींपुरतं, आणि महासचिव तेही काढून घेऊ शकतात. म्हणजे कागदावर तरी जुब्याच्या कोर्टात खटला चालू शकतो. प्रत्यक्षात पोलिसालाही बहुधा विमानात बसवून घरीच पाठवतात. घरी आल्यावर काय? भारतीय नागरिकाने जगात कुठेही केलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागू आहे, आधी आयपीसीतही तसंच होतं. खटला चालवायला केंद्राची पूर्वमंजुरी लागते. तपास सुरू करायला लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. हे लक्षात ठेवा, कारण ‘मंजुरी नाही म्हणून गुन्हा नोंदवला नाही’ हे उत्तर तुम्हाला कुणीतरी देईलच.

लष्कराचं आणखी स्पष्ट आहे. आर्मी ॲक्टच्या कलम ७० प्रमाणे, लष्करी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीवर बलात्कार झाला तर जवानावर कोर्ट मार्शल चालत नाही, खटला मुलकी न्यायालयात जातो. पण त्याच कलमात अपवाद आहे: गुन्हा भारताबाहेर घडला असेल तर कोर्ट मार्शल चालवता येतं. थोडक्यात, आपल्या हातात पूर्ण अधिकार आहे. काँगोतल्या बुनियात किंवा गोम्यात गुन्हा झाला आणि आपण काही केलं नाही, तर ‘कायद्यात सोय नव्हती’ असं म्हणायला जागाच नाही.

आता तक्रारीचा प्रवास. प्रत्येक मोठ्या मिशनमध्ये आचरण आणि शिस्तीचं पथक असतं, २००५ पासून. काँगोतल्या प्रकरणांनंतर जॉर्डनचे राजपुत्र झैद राद अल हुसेन यांनी त्या वर्षी अहवाल दिला, त्यातून ही पथकं निघाली. तुम्ही तक्रार या पथकाकडे देऊ शकता, किंवा थेट संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत देखरेख कार्यालयाकडे. मग संयुक्त राष्ट्रं त्या सैनिकाच्या सरकारला कळवतात. स्वतः चौकशी करणार की नाही, हे त्या सरकारने दहा कामकाजाच्या दिवसांत सांगायचं. करणार असेल तर त्यांचा तपास अधिकारी येतो, सहा महिन्यांत पूर्ण करावा अशी अपेक्षा असते. तोवर पुरावा हलू नये म्हणून जागेवरच्या प्रशिक्षित लोकांचं तातडीचं पथक ठेवायची पद्धत अलीकडे सुरू झालीय.

कागद इथवर चांगला आहे. मोडतं ते पुढे. तुकडी सहा महिन्यांनी, वर्षाने बदलते. बाईला माणसाचं नाव माहीत नसतं. फार तर खांद्यावरचा झेंडा आठवतो. वैद्यकीय तपासणी वेळेत झालेली नसते. तपास अधिकारी पोचतो तेव्हा आरोपी विमानात बसून गेलेला असतो आणि साक्षीदार दुसऱ्या छावणीत. आपल्याकडे कोर्ट मार्शलला तीन वर्षांची मुदत आहे, कलम १२२, गुन्हा माहीत झाल्यापासून. फाइली दिल्ली आणि न्यूयॉर्कमध्ये फिरत राहिल्या तर तीन वर्षं बघता बघता जातात. शेवटी कोर्ट बसतं हजारो किलोमीटर लांब, आणि मुख्य साक्षीदाराशिवाय. मग देशोदेशी जे होतं ते असं की बलात्काराचा आरोप बाजूला राहतो आणि ‘शिस्तभंग’ तेवढा सिद्ध होतो. बढती रोखतात, नोकरीतून काढतात. त्या बाईला हे कुणी कळवतही नाही.

खटला तिथेच चालवला तर फरक पडतो. हैतीत गोनाईव्हला चौदा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात पाकिस्तानने २०१२ मध्ये आपल्या दोन पोलिसांवर तिथेच लष्करी न्यायालय बसवलं. शिक्षा झाली एक वर्षाची. गुन्ह्याच्या मानाने ती काहीच नाही आणि त्याबद्दल हैतीत संताप झाला, तो रास्तच होता. तरीही जागेवर बसवलेलं कोर्ट हाच मार्ग मला खरा वाटतो. भारताने तो उघडपणे स्वीकारावा, मी हे जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते.

तुम्हाला एका पोलीसबाईबद्दल सांगते. कॅथरिन बोल्कोवॅक, अमेरिकेतल्या नेब्रास्काची. १९९९ मध्ये बोस्नियात संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय पोलीस दलात गेली, एका खाजगी कंपनीच्या नोकरीतून. तिथल्या बारमध्ये पूर्व युरोपातून फसवून आणलेल्या मुली डांबलेल्या होत्या आणि गिऱ्हाइकांत आंतरराष्ट्रीय लोकही होते, हे तिच्या तपासात दिसलं. तिने वरिष्ठांना ईमेल लिहिला. तिला हलक्या कामावर टाकलं, मग २००१ मध्ये हजेरीच्या कागदांत खोटेपणा केला असं म्हणत काढलं. ती ब्रिटनमधल्या रोजगार न्यायाधिकरणात गेली आणि २००२ मध्ये जिंकली. तिच्या बाजूने उभी राहिली मॅडेलिन रीस, सारायेव्होमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाची प्रमुख. बोल्कोवॅक टिकली ती जागच्या जागी लिहून ठेवलेल्या कागदांवर. तपासाची सवय असलेली पोलीस होती ती.

आणि आंदर्स कोम्पास. संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवाधिकार कार्यालयातले स्वीडिश अधिकारी. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बांगीच्या विमानतळाशेजारी म्पोको नावाची विस्थापितांची छावणी होती, तिथल्या लहान मुलांनी फ्रेंच सैनिकांबद्दल दिलेले जबाब २०१४ च्या मे-जूनमध्ये नोंदवले गेले. अन्नाच्या बदल्यात अत्याचार. कोम्पास यांनी तो अहवाल जुलैमध्ये फ्रान्सच्या हाती दिला, कारण कुणीच हालत नव्हतं. पुढच्या एप्रिलमध्ये निलंबन झालं ते कोम्पास यांचं. नंतर ते निर्दोष ठरले आणि २०१६ मध्ये राजीनामा देऊन गेले. कॅनडाच्या माजी न्यायाधीश मारी देशाम यांच्या समितीने डिसेंबर २०१५ मध्ये सांगितलं की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले आणि मुलं तशीच राहिली. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मिशनचे प्रमुख बाबाकर गाय यांना त्याआधीच, ऑगस्टमध्ये, तेव्हाचे महासचिव बान की मून यांनी पद सोडायला लावलं होतं.

त्यानंतर मार्च २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेचा ठराव २२७२ आला. आता अख्खी तुकडी परत पाठवता येते. २०२१ मध्ये गॅबॉनचे ४५० सैनिक असे परत गेले. सगळ्या तुकडीची नाचक्की झाली की सीओ जागे राहतात, त्यामुळे सुभेदार साहेबांचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो.

राहिला बायकांचा प्रश्न, तुम्ही विचारला नाहीत पण तुम्हाला ऐकवला जाईल. ‘महिला जास्त पाठवल्या की हे प्रकार कमी होतील.’ २००७ मध्ये आपल्या सीआरपीएफच्या महिलांची पोलीस तुकडी लायबेरियात गेली, जगातली पहिली, आणि २०१६ पर्यंत तिथे राहिली. त्या काळात लायबेरियाच्या पोलिसांतलं महिलांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं. बायका तक्रार घेऊन त्यांच्याकडे मोकळेपणाने यायच्या. मला त्यांचा फार अभिमान आहे. पण शेजारच्या बॅरेकमधल्या पुरुषाने नीट वागावं ही जबाबदारी त्या पुरुषाची आणि त्याच्या सीओची आहे. ती तुमच्या खांद्यावर कुणी टाकू लागलं तर घेऊ नका. सहकाऱ्यांकडूनच त्रास झाला तर त्यासाठी वेगळी तक्रार व्यवस्था आहे, तीही जाण्याआधी वाचून ठेवा.

सह्याद्री_भटका

मेजर मॅडम, आदर ठेवून एक विचारतो. माझे चुलते लेबनॉनला जाऊन आलेत, घरात त्यांचं मेडल आहे. आजवर भारताचे पावणेतीन लाखांहून जास्त लोक शांतिसेनेत गेले, सुमारे १८० जणांनी जीव दिला. असे धागे वाचून बाहेरच्या माणसाचं मत काय होईल? आणि तुम्हीच लिहिलेलं फ्रान्सचं उदाहरण घ्या. त्यांच्या न्यायाधीशांनी जानेवारी २०१८ मध्ये प्रकरण बंदच केलं, कुणावरही खटला नाही. गरीब देशांच्या तुकड्यांची नावं मात्र जगभर होतात. हा दुजाभाव नाही का?

निवृत्त_मेजर_जॅग

दुजाभाव आहे. बांगीतले ते फ्रेंच सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या हुकमाखाली नव्हतेच. सुरक्षा परिषदेने परवानगी दिलेली फ्रान्सची ती स्वतःची मोहीम होती, म्हणून शांतिसेनेचे नियमही त्यांना थेट लागू नव्हते. मोठ्या देशाला ही पळवाट मिळाली आणि त्या मुलांना न्याय मिळाला नाही. याचा मला राग आहे.

पण त्या रागाचा उपयोग आपण आपली फाइल झाकायला करायचा का? तुमच्या चुलत्यांनी मिळवलेली इज्जत ज्याने घालवली त्याला वाचवून ती परत येत नाही. २०१७ मध्ये महासचिवांनी देशांसमोर या विषयावर स्वेच्छेचा करार ठेवला, त्यावर भारताने सही केली. पीडितांसाठीच्या निधीत सुरुवातीलाच एक लाख डॉलर दिले. हा शब्द आपण दिलेला आहे. मी त्यापुढचं मागते: आपल्या माणसावर आरोप आला, तर निकाल काय लागला ते जाहीर सांगा आणि त्या बाईपर्यंत तिच्या भाषेत पोचवा.

किंग्स्टनकर

मी कॅनडात, किंग्स्टनला असते, सार्वजनिक आरोग्यात शिकते. इथल्या क्वीन्स विद्यापीठाच्या सुसान बार्टेल्स आणि बर्मिंगहॅमच्या साबिन ली यांनी हैतीत केलेलं काम आम्हाला अभ्यासाला होतं. त्यातलं एक सांगावंसं वाटलं, कारण वरच्या चर्चेत मुलांचा विषय सुभेदार काकांनी काढला आणि तो तिथेच राहिला.

२०१७ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पथकाने शांतिसेनेच्या तळांजवळ राहणाऱ्या सुमारे २,५०० लोकांना एवढंच विचारलं: शांतिसेना असलेल्या गावातल्या बाई-मुलीचं आयुष्य कसं असतं, त्याची एक गोष्ट सांगा. अत्याचाराबद्दल प्रश्न विचारलाच नव्हता. तरी २६५ गोष्टी निघाल्या त्या शांतिसैनिकांपासून झालेल्या मुलांच्या. काही आया अकरा वर्षांच्या. तिथे या मुलांना मिशनच्याच नावाने ओळखतात, ‘पेटी मिनुस्ता’, म्हणजे छोटे मिनुस्ता. मिनुस्ता हे हैतीतल्या मिशनचं फ्रेंच लघुनाव.

वाचताना सगळ्यात जास्त लागलं ते असं की पुष्कळशा बायकांनी जबरदस्ती सांगितली नाही. त्यांनी प्रेम सांगितलं. तो यायचा, किराणा आणायचा, लग्न करू म्हणाला, आणि तुकडी बदलली त्या दिवशी फोन बंद. नियमाच्या भाषेत हे शोषण. त्या बाईच्या भाषेत नवरा निघून गेला. तिच्याकडे शाळेची फी भरायला पैसे नाहीत आणि गावात पोराला टोमणे. अशी बाई तुमच्याकडे तक्रार करायला येईल का, ताई? मला वाटतं ती तक्रार म्हणून येणारच नाही, ती त्याचा पत्ता विचारायला येईल.

संयुक्त राष्ट्रं पितृत्वाचे दावे पुढे पाठवतात, डीएनए नमुना गोळा करायला मदत करतात, पण पोटगी द्यायला लावू शकत नाहीत. तो निर्णय पुन्हा त्या माणसाच्या देशातल्या कोर्टाचा. २०१७ च्या शेवटी हैतीतल्या वकिलांच्या एका संस्थेने काही आयांच्या वतीने तिथल्याच न्यायालयांत दावे लावले. एकेका आईला जन्मदाखला, फोटो, जुने फोन नंबर असं सगळं जमवावं लागलं. पीडितांच्या हक्कांसाठी एक स्वतंत्र पद २०१७ मध्ये निर्माण झालं आणि ऑस्ट्रेलियाच्या जेन कॉनर्स पहिल्या नेमल्या गेल्या. काही मिशनमध्ये त्या कामाचे लोक जागेवर असतात. जुब्यात आहेत का ते आधीच शोधून ठेवा.

खाकी_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मेजर मॅडम, प्रिंट काढून ठेवलंय. किंग्स्टनकर, ‘पत्ता विचारायला येईल’ हे मला आपल्याकडच्या केसेसमुळे लगेच समजलं. ऊसतोडीच्या फडावरच्या पोरी ठाण्यात अशाच येतात, ‘त्याला बोलावून घ्या’ म्हणत. आपण जबाबात खोदत गेल्यावर वय निघतं, तारीख निघते.

वरिष्ठांच्या सल्ल्याबद्दल आता मला काही शंका नाही. कुणी आली तर मी लिहिणार आहे. दोन गोष्टी अजून विचारते. मला तिथली भाषा येणार नाही. जुब्यात अरबी बोलतात असं कळलं आणि बाकी भागांत डिंका, नुएर. दुभाषा मिशनचाच नोकर असणार. त्याच्यासमोर ती बाई आपल्याच मिशनमधल्या माणसाविरुद्ध बोलेल? आणि मी कळवलं म्हणून माझ्यावरच काही आलं, तर बोल्कोवॅकबाईंसारखं घरी परत येण्याशिवाय मार्ग आहे का?

माजी_सुभेदार_खटाव

दुभाष्याचं मी सांगतो. आमच्याकडे जो होता तो गावातलाच, चांगला पोरगा, पण त्याचं घर आमच्या पगारावर चालायचं. कॅम्पविरुद्ध शब्द काढला की नोकरी जाईल ही भीती त्याला कायम. बाई बोलली तरी तो अर्धंच सांगायचा. मिशनबाहेरचा माणूस शोधा. चर्चमधल्या सिस्टर, दवाखान्यातल्या नर्स, महिला मंडळं असतात तिथे. पोचल्या पोचल्या या बायकांशी ओळख करून घ्या. आधीची ओळख असली तर त्या येतील.

निवृत्त_मेजर_जॅग

सुभेदार साहेबांनी बरोबर सांगितलं. दुभाषी स्त्री असावी आणि त्या तुकडीशी तिचा पगाराचा संबंध नसावा. मुलगी अठराच्या आतली वाटली तर तपशिलात स्वतः शिरू नका. तुम्हाला पोलीस म्हणून जबाब पूर्ण घ्यायची सवय आहे, पण तिथे तपासाचा अधिकार तुमचा नाही. बांगीतल्या मुलांना तेच तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, ते देशाम समितीने दोष म्हणून नोंदवलंय. ती पहिल्यांदा जे बोलली ते तिच्या शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा. कुठल्या देशाचा झेंडा, गाडीवरचा यूएनचा नंबर, टोपी की हेल्मेट, हे तिने आपणहून सांगितलं तर तसंच उतरवा. त्याच दिवशी तिला दवाखान्यात पोचवा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तक्रारीचं काय होतंय याची वाट त्यासाठी बघायची नाही.

तुमच्याबद्दल. कळवणाऱ्यावर सूड उगवला जाऊ नये यासाठी महासचिवांचं २०१७ चं परिपत्रक आहे, संरक्षणाचा अर्ज नैतिकता कार्यालयाकडे करतात. पण ते प्रामुख्याने संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी बनलेलं आहे. तुम्ही भारत सरकारने पाठवलेल्या अधिकारी, त्यामुळे जाण्याआधी त्यातला तुमच्याबद्दलचा भाग लेखी विचारून घ्या आणि उत्तर जपून ठेवा. तक्रार एकाच माणसाच्या हाती कधी देऊ नका. आचरण पथकाला एक प्रत, अंतर्गत देखरेख कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जावर एक, आणि दोन्हीकडून पोच घ्या. तिथे नाव न देताही तक्रार करता येते, पण तुम्ही द्या असं मी सुचवेन. निनावी कागदावर चौकशी पुढे सरकायला वेळ लागतो, आणि तुकडी बदलायची तारीख कुणासाठी थांबत नाही.

ऑर्डर हातात आली की मला निरोप करा. आर्मी ॲक्टची आणि संहितेची संबंधित कलमं एका पानावर टाइप करून देते.